गाडीची कात

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. मधे दोन-तीन ब्लॉगमित्रांनी आणि तेवढ्याच नातेवाइकांनी विचारलं, की गाडीचं पुढे काय झालं. पुण्याच्या मावशीला तर कुणीतरी सांगितलं होतं, की मी अप्पांच्या गाडीला कागद चिकटवलाय. कागद नाही गं मावशी, प्लॅस्टिक. पण तुझं अगदीच चुकलेलं नाही, कारण या सगळ्याची सुरुवात खरोखर कागदापासूनच झाली होती. माझ्या बाबतीत नव्हे, जगाच्या बाबतीत. ते पुढे येईलच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. अप्पांनी २००६ साली निवृत्त झाल्यावर फंडाच्या पैशातून एक रुपेरी रंगाची छोटी हॅचबॅक घेतली. त्याआधी आयुष्यभर स्कूटर. आमच्या नाशिकच्या घराला शेड आहे, पण त्या शेडमध्ये स्कूटर, सायकली आणि आईच्या कुंड्या आधीपासून नांदत असल्यामुळे गाडीला जागा मिळाली ती अंगणात, उघड्यावर. इंजिन अजून एका किल्लीत चालू होतं. २०२१ मध्ये पंधरा वर्षं पूर्ण झाली तेव्हा आरटीओत नेऊन पुन्हा पासिंग करून घेतलं, तेव्हाही तिने कुरकुर केली नाही. रंगाने मात्र दगा दिला.

म्हणजे रंगानेही नाही, त्याच्या वरच्या थराने. जुन्या फियाट-ॲम्बॅसॅडरला सगळा एकाच जातीचा जाड रंग असायचा. तो उन्हाने पांढुरका पडला की रबिंग कंपाऊंड लावून घासायचं, वरचा मेलेला थर निघून जायचा आणि खालून पुन्हा रंग उजळायचा. १९८० च्या दशकापासून गाड्यांना दोन थरांचा रंग रूढ होत गेला. खाली रंगाचा पातळ थर आणि त्यावर पारदर्शक लॅकर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात. चकाकी सगळी या वरच्या थराची, आणि उन्हाचा मारा खातो तोही हाच. एकदा का तो कुठे सुटला की तिथून पापुद्रे निघायला लागतात. मग कितीही पॉलिश करा, उपयोग नाही, कारण चमकवायला तिथे काही उरलेलंच नसतं. अप्पांच्या गाडीच्या बॉनेटवर आणि टपावर असे मोठमोठे नकाशे तयार झाले होते. सापाची कात अर्धी निघावी आणि अर्धी अडकून राहावी, तसं.

आम्हाला सवय झाली होती. पण भाचीला सातपूरला नोकरी लागली आणि अप्पांना हल्ली रात्रीचं नीट दिसत नाही, म्हणून त्यांनीच ठरवलं की गाडी तिला द्यायची. ती खूश. फक्त माझ्याशी बोलताना एकदा म्हणाली, "मामा, चालते मस्त. पण ऑफिसच्या पार्किंगमध्ये मी जरा कोपऱ्यात लावेन हं." तिच्या मनात वाईट काही नव्हतं. अप्पा व्हरांड्यात पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतो तर अप्पा टच-अप रंगाची बाटली आणि तो नेलपॉलिशसारखा ब्रश घेऊन बॉनेटवर वाकलेले. परातीएवढ्या डागावर ते नखाएवढ्या ब्रशाने रंग लावत होते.

गॅरेजवाल्याने अख्खी गाडी रंगवायचे ४५,००० सांगितले. विकायला काढली तर गाडीचे त्याहून फार जास्त येणार नाहीत. मग मी व्हिनाइल रॅप करायचं ठरवलं, तेही घरीच. रुपेरी रंगाचीच फिल्म घ्यायची, म्हणजे आरसीवर लिहिलेल्या रंगाशी भांडण नको. अप्पांना सांगितलं.

"म्हणजे झाकायचं."

"हो."

"बरं."

आमच्या घरातल्यांना ठाऊक आहे की अप्पांच्या 'बरं'चे किमान चार अर्थ होतात. हा तिसरा होता.

आता माझी खोड अशी, की काम सुरू करण्याआधी त्याच्याबद्दल वाचत बसायचं. (बायकोच्या मते ही काम टाळण्याची खोड आहे.) मला वाटलं होतं की हे रॅपचं प्रकरण फार तर दहा-पंधरा वर्षांचं असेल, पोरांच्या हौसेतून आलेलं. पण एकेक धागा ओढत गेलो तर थेट शंभर वर्षं मागे, अमेरिकेतल्या रंगाच्या शेडमध्ये जाऊन पोचलो. आणि लक्षात आलं की हा इतिहास फिल्मचा कमी आणि गोंदाचा जास्त आहे.

शंभर वर्षांपूर्वी मोटार रंगवणं म्हणजे घोडागाडी रंगवण्यासारखंच काम होतं. ब्रशाने तेलाचे रंग आणि व्हार्निश यांचे थरावर थर द्यायचे, प्रत्येक थर वाळेपर्यंत थांबायचं, घासायचं, पुन्हा थर. एका गाडीला कित्येक आठवडे लागत. फोर्डची मॉडेल टी १९१४ पासून १९२५ पर्यंत फक्त काळ्या रंगात मिळायची, त्यामागेही भराभर गाड्या बाहेर काढण्याचंच गणित होतं. मग १९२३ मध्ये ड्युपाँ कंपनीचा 'ड्युको' हा नायट्रोसेल्युलोज लॅकर आला आणि जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर तो पहिल्यांदा दिसला. फवाऱ्याने मारायचा, आठवड्यांचं काम तासांवर आलं. आपले सुतार अजूनही कपाटाला 'ड्युको मारू का?' असं विचारतात, तो शब्द इथला.

रंग झटपट वाळायला लागल्यावर लोकांना एका रंगावर समाधान वाटेना. दोन रंगांच्या गाड्यांची फॅशन आली. वरचा भाग एक रंग, खालचा दुसरा, आणि मधली रेघ सरळसोट. ती रेघ आणायची कशी? एक भाग कागदाने झाकायचा, कागद गोंदाने किंवा दवाखान्यातल्या चिकटपट्टीने चिकटवायचा, दुसरा भाग रंगवायचा आणि कागद काढायचा. आणि कागद निघताना ताज्या रंगाचे तुकडे घेऊन निघायचा. मग रंगारी शिव्या घालायचे.

या शिव्या ऐकायला नेमका योग्य माणूस तिथे हजर होता. मिनेसोटा राज्यातल्या सेंट पॉल शहरात रिचर्ड ड्रू नावाचा एक तरुण होता. इंजिनिअरिंगचं शिक्षण अर्धवट सोडलेला, नाचगाण्याच्या ऑर्केस्ट्रात बँजो वाजवणारा. तो ज्या कंपनीत नोकरीला होता तिचं नाव मिनेसोटा मायनिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग, म्हणजे आपली थ्री-एम. ही कंपनी १९०२ मध्ये कुरुंदाचा दगड खणायला निघाली, दगड कुरुंदाचा नाहीच असं निघालं, आणि मग ती पॉलिश पेपर बनवून कशीबशी तगली. १९२१ मध्ये तिने पाण्यात भिजवून वापरायचा पॉलिश पेपर काढला. तोच आपल्याकडे कुठल्याही रंगाच्या दुकानात 'वॉटर पेपर द्या' म्हटलं की मिळतो. ड्रू हा वॉटर पेपरचे नमुने घेऊन गाड्या रंगवण्याच्या शेडमध्ये जायचा. तिथे त्याने रंगाऱ्यांची वैतागलेली बडबड ऐकली आणि काहीही माहिती नसताना सांगून टाकलं, की मी तुम्हाला यावर उपाय आणून देतो.

दोन वर्षं खटपट करून १९२५ मध्ये त्याने मास्किंग टेप आणला. पहिला नमुना नीट चिकटेना, कारण गोंद फक्त कडांनाच होता. त्यावर एक रंगारी म्हणाला की जा, तुझ्या स्कॉच साहेबाला सांग गोंद जरा जास्त लावायला. स्कॉच म्हणजे स्कॉटलंडचा, आणि तिकडच्या विनोदात स्कॉटिश माणूस चिक्कू असतो. म्हणून 'स्कॉच टेप'. ही गोष्ट कंपनीच हौसेने सांगते, तेव्हा थोडं मीठमसाला धरून चाला.

पण मला यातलं खरं महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच. घट्ट चिकटणारा गोंद माणसाकडे हजारो वर्षं होताच. ड्रूला हवा होता तो चिकटेल, काम होईपर्यंत बसून राहील, आणि काढला की खालचं काहीही न ओढता निघून येईल असा. तो बनवणं कठीण होतं. १९३५ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये स्टँटन एव्हरीने दुकानातल्या वस्तूंवर लावायची, मागे कागद असलेली लेबलं काढली, त्याचाही सगळा भर याच गोष्टीवर होता. त्याच्या कंपनीचं पहिलं नावच होतं 'कम क्लीन', म्हणजे स्वच्छ निघून येणारं. आज गाडीच्या रॅपमध्ये जी दोन मोठी नावं आहेत ती थ्री-एम आणि एव्हरी. दोघांचं मूळ भांडवल एकच, सोडून देणारा गोंद.

हे सगळं वाचून मी शहाणा झालो असेन असं तुम्हाला वाटेल. पहिल्याच संध्याकाळी मी बॉनेट धुतलं, पुसलं, आणि हेडलाइटच्या वर खुणेसाठी मास्किंग टेपचा एक तुकडा लावला. दहा मिनिटांनी काढला तर त्याच्याबरोबर पोस्टाच्या पाकिटाएवढा क्लिअर कोटचा पापुद्रा उचलून आला. टेपची चूक नव्हती. रंगच सुटलेला होता. मी जे काही बोललो ते ऐकून आई आतून म्हणाली, "लहान मुलं आहेत घरात." ड्रूने ऐकलं ते यापेक्षा फार वेगळं नसणार.

अप्पांनी तो पापुद्रा उचलून उजेडात धरला. आरपार दिसत होतं. "हे एवढंच?" ते म्हणाले. एवढ्याशा कागदाने आपली गाडी पंधरा वर्षं चमकत होती, हे त्यांना पटायला तयार नव्हतं.

तर फिल्मकडे वळू. व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी. १८७२ मध्ये ऑयगेन बाउमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला उन्हात राहिलेल्या बाटलीत एक पांढरा घट्ट पदार्थ जमलेला दिसला. तो कडक आणि ठिसूळ, कुणाला काही उपयोग सुचेना. मग १९२६ मध्ये ओहायोतल्या अक्रन गावी, बी. एफ. गुडरिच या टायरच्या कंपनीत वाल्डो सेमन नावाचा संशोधक धातूला रबर चिकटवायचा गोंद शोधत होता. पीव्हीसी त्याने एका जड द्रावकात उकळलं. गोंद काही झाला नाही. हातात आला तो मऊ, लवचीक, ताणता येणारा पदार्थ. म्हणजे बघा, ज्याला पत्र्यावर चिकटणारं काहीतरी हवं होतं त्याला सापडलं ते स्वतः न चिकटणारं व्हिनाइल. तेच पुढे पत्र्यावर चिकटवायला दुसऱ्यांचे गोंद लागले.

गाडीचा पत्रा काहीतरी पांघरून झाकायची कल्पना मात्र व्हिनाइलच्याही आधीची. १९२० च्या दशकात फ्रान्स-इंग्लंडमध्ये वायमन पद्धतीच्या बॉडी गाजत होत्या. लाकडाचा सांगाडा, मधे थोडं भरण आणि वरून ताणून बसवलेलं चामड्यासारखं कापड. हलकी, न कुरकुरणारी, आणि रंगाऱ्यासाठी थांबायला नको. तशा कापडाचा इंग्लंडमधला एक नामांकित ब्रँड होता रेक्झिन. हो, तेच. आपल्या रिक्षाच्या सीटचं रेक्झिन. आणि गंमत अशी की त्या कापडावरचा लेपही ड्युकोसारखाच नायट्रोसेल्युलोजचा. १९३० च्या आसपास चकचकीत पत्र्याची आवड वाढली आणि कापडी गाड्या मागे पडल्या.

अमेरिकेत झाकायचं कारण वेगळं निघालं. तिथल्या स्टेशन वॅगनची बॉडी आधी खऱ्या लाकडाची असायची. लाकूड महाग, त्याला दरवर्षी व्हार्निश हवं. पत्र्याच्या बॉडी आल्या तरी गिऱ्हाइकाला लाकूडच दिसायला हवं होतं. म्हणून फोर्डने १९५२ च्या कंट्री स्क्वायरपासून पत्र्यावर लाकडाचं छायाचित्र छापलेली फिल्म लावली. 'डाय-नॉक' हे तिचं व्यापारी नाव. गोऱ्यांच्या जुन्या सिनेमांत कुटुंब सहलीला निघतं त्या लांबलचक गाडीच्या दोन्ही अंगांना सागवानी कपाट लावल्यासारखं दिसतं ना, ते हे. कंट्री स्क्वायर १९९१ पर्यंत निघत होती. म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षं माणसं लाकडाचा फोटो चिकटवलेल्या पत्र्यात बसून हिंडली. मला हसू आलं खरं, पण आमच्या फ्रिजला आईने २००२ साली लाकडी नक्षीचा सनमायका-कागद लावला होता तो आठवला आणि गप्प बसलो.

खरं झाकणं सुरू झालं ते व्हिनाइलच्या टपाने. १९६० आणि ७० च्या दशकांत अमेरिकन गाड्यांचं टप व्हिनाइलने मढवायची टूम निघाली. उघड्या टपाची गाडी असल्याचा आव. क्रायस्लरने तर १९६९-७० मध्ये प्लिमथच्या काही गाड्यांना चक्क फुलाफुलांचं टप दिलं, परकराच्या कापडासारखं. कारखान्यांनाही ते सोयीचं होतं. टपाच्या पत्र्याचे जोड घासून, भरून, रंगवून एकजीव करायला मेहनत लागते. वरून व्हिनाइल येणार असेल तर कशाला? कित्येक गाड्यांचे जोड खाली तसेच खडबडीत सोडलेले असत. आणि मग कडांमधून, शिवणीतून पाणी आत शिरायचं. आत शिरलेलं पाणी बाहेर येत नसे. वरून टप छान दिसे, खाली पत्रा सडत असे. आज जुन्या गाड्या दुरुस्त करणारे लोक व्हिनाइलचं टप उचकटायला घाबरतात ते याचमुळे.

हे मी अप्पांना वाचून दाखवलं. मोठी चूक झाली. "मग?" ते म्हणाले. "मी काय म्हणत होतो?"

त्यांचं म्हणणं बरोबर होतं, हे मला काम करताना कळलं. फिल्मची जाडी गोंदासकट साधारण ०.१ मिलिमीटर. ती रंग झाकते, पृष्ठभाग नाही. खालचा प्रत्येक खड्डा, प्रत्येक पापुद्र्याची कड वरून दिसते, उलट चकाकीमुळे जास्तच दिसते. आणि सुटत्या रंगावर चिकटवलं तर फिल्म चिकटते रंगाला, रंग पत्र्याला चिकटलेलाच नसतो. म्हणजे ज्याचा रंग खराब आहे त्याने फिल्म लावून मोकळं व्हावं, ही समजूतच उलटी. आधी सुटलेलं सगळं काढा, कडा वॉटर पेपरने घासून बोट फिरवलं तरी कळणार नाही इतक्या उतरवा, उघड्या जागी प्रायमर मारा, तो पुन्हा घासा, आणि मग झाका. रंगाऱ्याचं तीन चतुर्थांश काम मी केलंच. फक्त रंगवलं नाही.

डिसेंबरातले दोन शनिवार-रविवार यात गेले. ४०० नंबरच्या पेपरने सुरुवात, मग ८००, मग १०००. अप्पा खुर्ची टाकून शेजारी बसायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनीही एक पेपर हातात घेतला आणि मग्गाभर पाणी घेऊन टपाच्या कडेला लागले. घासता घासता त्यांचे जुने टच-अपचे ठिपके सापडत गेले. मूळ रुपेरीपेक्षा किंचित निळसर. मी मोजले, अकरा. प्रत्येकाची हकीकत त्यांना पाठ. हा त्र्यंबकच्या गर्दीतला. हा कुणीतरी सायकलचं हँडल घासलेला. हा शेजारच्या लग्नात मांडववाल्याने बांबू टेकवला तेव्हाचा.

मागच्या डाव्या दरवाज्यावर मात्र वीतभर लांब, खोल ओरखडा आहे. तो आईने २००९ साली गाडी शिकताना आमच्याच गेटला घासून आणलेला. निदान अप्पांचं म्हणणं असं. आईचं म्हणणं, गेटचं एक दार अप्पांनी अर्धवट उघडं ठेवलं होतं. हा खटला आमच्या घरात अजून चालू आहे, दर दिवाळीला तारीख पडते. मी पुट्टीचा डबा घेऊन तिकडे वळलो तर अप्पा म्हणाले, "तिथे भरू नकोस."

"अहो अप्पा, वरून दिसेल."

"दिसू दे. पुरावा आहे तो."

आतून आई म्हणाली, "राहू दे, राहू दे. माझ्याच बाजूचा पुरावा आहे."

तेव्हा तो राहिला. धारदार कडा तेवढ्या घासल्या, नाहीतर फिल्म कापली गेली असती.

आता प्रत्यक्ष फिल्म लावण्याबद्दल, आणि थोडं अजून इतिहासाबद्दल. फिल्मचे दोन प्रकार. एक पीठ लाटावं तशी गरम रुळांमधून दाबून काढलेली. ती स्वस्त आणि जाड, पण लाटताना बसलेला ताण तिच्या अंगात राहतो, उन्हात ती हळूहळू आक्रसते आणि कडा सोडते. दुसरी म्हणजे घावन घालावं तशी पातळ द्रव ओतून, भट्टीत वाळवलेली. तिच्या अंगात ताण नसतो, म्हणून ती वळणावर निमूट बसते आणि बसून राहते. आपले रेडियमवाले नंबरप्लेटची अक्षरं, 'आई-बाबांचा आशीर्वाद' वगैरे कापतात ते बहुतेक पहिल्या प्रकारातून. (रेडियमचा त्यात कणही नसतो. अंधारात चमकणाऱ्या स्टिकरला लोक रेडियम म्हणायला लागले आणि मग सगळ्याच स्टिकरला.) मी दुसऱ्या प्रकारातली, पण त्यातल्या त्यात स्वस्त घेतली. दीड मीटर पन्ह्याची अठरा मीटर.

अख्ख्या गाडीचा रंग बदलायला अशी फिल्म वापरायची चाल पडली ती जर्मनीत, आणि तीही टॅक्सीमुळे. तिकडे १९७१ पासून टॅक्सीला हस्तिदंती रंगाची सक्ती होती, आरएएल १०१५ हा तिचा ठरलेला नंबर. टॅक्सीवाला मर्सिडीज घ्यायचा, काही वर्षं चालवून विकायचा. पण हस्तिदंती गाडी म्हणजे टॅक्सी, हे दहा पावलांवरून कळायचं आणि भाव पडायचा. तेव्हा गाडी घ्यायची काळी किंवा निळी, वरून हस्तिदंती फिल्म चढवायची, विकताना ती सोलून टाकायची. खालचा रंग कोरा. १९९३ मध्ये ब्रिटनच्या केपीएमएफ कंपनीकडे अशी फिल्म मागितली गेली आणि तिथून हा धंदा उभा राहिला असं सांगतात. आपल्या मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी मात्र शेवटपर्यंत रंगवलेल्याच राहिल्या. २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटची रस्त्यावरून गेली तोवर.

म्हणजे जर्मन टॅक्सीवाल्याने फिल्म लावली ती चांगला रंग जपायला. मी लावत होतो ती वाईट रंग लपवायला. एकच वस्तू, पण दोघांचं काम उलटं. त्याला फिल्म सोलायच्या दिवसाची वाट असायची. माझ्या गाडीची सोलली जाईल तेव्हा काय दिसेल, याचा विचार मी करत नव्हतो.

नव्या फिल्मच्या मागे गोंदात बारीक जाळीदार खाचा असतात, अडकलेली हवा त्यातून निसटते. काहींच्या गोंदात सूक्ष्म काचमणी असतात. नुसतं टेकवलं तर फिल्म मण्यांवर तरंगते, सरकवता येते, आणि पट्टीने दाबलं की मणी आत रुततात आणि गोंद पकडतो. ही युक्ती कळल्यावर मला ड्रूची आठवण झाली. पुन्हा तेच, चिकटण्याआधी सोडून देता येणं.

शेडमधून कुंड्या हलवल्या, स्कूटर बाहेर काढली, जमिनीवर पाणी मारलं, तिन्ही बाजूंना जुन्या चादरी बांधल्या. तरी धूळ आलीच. बॉनेटला चार हात लागतात, म्हणून भाची आणि मी दोन टोकांना, अप्पा मधे फेल्ट लावलेली प्लॅस्टिकची पट्टी घेऊन. मधून बाहेर, मधून बाहेर. पहिला प्रयत्न सुरकुत्यांत गेला, उचलला, आणि उचलताना प्रायमरच्या कडेचा जुना रंग फिल्मला चिकटून आला. माझीच चूक, तिथे घासायचा कंटाळा केला होता. पुन्हा घासलं, पुन्हा प्रायमर, आणखी एक रविवार. वीत-दीड वीत फिल्म वाया गेली ती वेगळी. दुसऱ्या खेपेला बसलं. हेडलाइटच्या वळणावर हीट गनने ऊब देऊन फिल्म ताणली, ती मऊ होऊन अशी अंगाला बसली की भाची म्हणाली, "मामा, हे तर मोदकाच्या पारीसारखं आहे."

चूक दुसरीकडेच निघाली. धातुरंगी फिल्मला दिशा असते, सगळे तुकडे एकाच दिशेने लावायचे. पुढचा उजवा दरवाजा कापताना फिल्म वाचावी म्हणून मी तुकडा आडवा फिरवला. संध्याकाळच्या उन्हात तो एकच दरवाजा दुसऱ्या गाडीचा वाटतो. सकाळी कळत नाही.

मागचा डावा दरवाजा सर्वांत शेवटी घेतला. फिल्म आईच्या ओरखड्यात उतरली. रंग सारखा झाला, पण बोट फिरवलं की चर अजून लागतो.

हे काढताना काय होईल, ते मात्र मला आता ठाऊक आहे. २०१२ च्या एप्रिलात सर्वोच्च न्यायालयाने गाड्यांच्या काचांवरच्या काळ्या फिल्मवर बंदी आणली, तेव्हा याच गाडीच्या काचा आम्ही अंगणात बसून सोलल्या होत्या. फिल्म एका ओढीत निघाली आणि गोंद जिथल्या तिथे राहिला. चार दिवस साबणाचं पाणी, मग रॉकेल, मग ब्लेड. ती काच होती, तिने सोसलं. इथे खाली अप्पांची रंगाची पुडी आहे. मूळ रंग जिथे धड आहे तिथे फिल्म बहुतेक नीट निघेल. माझ्या प्रायमरवर आणि अप्पांच्या अकरा ठिपक्यांवर भरवसा नाही. हे सगळं मी भाचीला सांगितलं. उन्हात उभी राहणारी गाडी आहे, तीन-चार वर्षांच्या आत काढ, फार जुनी झाली की फिल्म तुकड्यातुकड्यांनी निघते. ती म्हणाली बघू.

गाडी आता सातपूरला जाते. कोपऱ्यात लावते की नाही ते मी विचारलं नाही. रविवारी ती इकडे येते तेव्हा अप्पा चहा संपवून बाहेर जातात आणि बॉनेटच्या कडेने अंगठा फिरवत गाडीला एक चक्कर मारतात. डाव्या हेडलाइटच्या वरचा कोपरा सारखा सुटतो. तो ते दाबून बसवतात, अंगठा तिथेच धरून मिनिटभर उभे राहतात.

गेल्या रविवारी निघताना त्यांनी टच-अपची बाटली भाचीच्या हातात दिली. अर्धी वाळलेली आहे.

"काढशील तेव्हा लागेल," म्हणाले. "वापरायच्या आधी हलवून घे."